डोक्यावरची बॅटरी: रात्र केवढी, उजेड किती

"ही किती लांब पडती?"

दहिवडीच्या नाहीतर म्हसवडच्या बाजारात बॅटऱ्यांच्या गाड्यापाशी उभं राहिलं की पहिला प्रश्न हाच कानावर येतो. विचारणारा शेतकरी असतो, मेंढपाळ असतो, कधी रात्रपाळीचा वॉचमन असतो. "पाचशे मीटर, मामा," म्हणत दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवतो आणि भर दुपारच्या उन्हात झोत समोरच्या भिंतीवर मारतो. गिऱ्हाईक दिव्यात डोकावून बघतं, डोळे दिपतात, आणि पैसे दिले जातात. वस्तू रात्रीच्या कामाची, पण तिची पारख होते दुपारी, तीही डोळे दिपले की नाही यावरून.

डोक्याला लावायची, चार्जिंगची, चांगली ताकदवान बॅटरी रोज जवळ बाळगायची असेल, तर ती घरच्या घरी कशी तपासायची, ते या प्रकरणात पाहू. प्रयोगशाळा लागत नाही. मोबाइल, मोजायची टेप, पाण्याची बादली, घड्याळ आणि अंधारं माळरान एवढं पुरतं. माळरानाची आमच्या माण तालुक्यात कमतरता नाही.

एका शब्दाचा खुलासा आधी करतो. आपल्याकडं उजेड पाडणाऱ्या अख्ख्या वस्तूलाच 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्या पोटात वीज साठवणाऱ्या नळकांडीला 'सेल'. पुस्तकातला शब्द विजेरी असला तरी इथं मी बोलण्यातलेच दोन शब्द वापरणार आहे.

१. दोन्ही हात मोकळे का हवेत?

माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वराचा पाऊस मीटरमध्ये मोजावा आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणचा कसाबसा अर्ध्या मीटरपर्यंत. म्हणून इथं पाणी आलं की माणूस झोपत नाही. उरमोडी, जिहे-कठापूर आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णा खोऱ्यातलं पाणी माण-आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यात आणलं. जिथं ते पोचलं तिथं ऊस, डाळिंब आणि भाजीपाला वाढला. पण शेतीपंपाची वीज कित्येक वर्षं पाळीपाळीनं मिळत आली: एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री, आठ ते दहा तास. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूच शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे, आणि जिथं ती मिळू लागली तिथं रात्रीचं जागरण सुटलं. जिथं मिळत नाही तिथं थ्री फेज आली की अंथरूण सोडावं लागतं.

दारं धरणाऱ्याच्या, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्याच्या, हातात खोरं असतं. एका सरीचं पाणी मोडून दुसरीत घालायचं, बांध फुटला तर माती ओढायची, या कामात तिसरा हात नसतो. ठिबकचा फिल्टर उघडून धुताना, स्टार्टरची पेटी उघडताना, गाभण म्हैस व्याला बसली असताना अडचण तीच. पहिल्या वळवानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंबावर आणि बाभळीवर जमतात, ते फांद्या हलवून गोळा करायचे असतात. पिकत आलेल्या डाळिंबातला रस शोषणारे पतंग रात्रीच बागेत उतरतात, त्यांना उजेडात टिपावं लागतं. अशा वेळी लोक बॅटरी दातात धरतात, नाहीतर मान वाकडी करून काखेत. मी स्वतः असं काम केलं आहे. दातात धरलेल्या बॅटरीनं धड दिसत नाही, आणि कुणी हाक मारली तर ओही देता येत नाही.

डोक्यावरचा दिवा ही खाण कामगारांची देणगी आहे. आधी ते टोपीवर तेलाचा आणि मग कार्बाइडचा उघड्या ज्योतीचा दिवा लावत. खाणीत पेट घेणारा वायू साठलेला असला की त्या ज्योतीनं स्फोट होत. १९१४ च्या सुमारास एडिसनच्या सेलवर चालणारा विजेचा टोपीदिवा अमेरिकेतल्या खाणींत आला. दिवा कपाळावर, आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारा जड सेल कमरेच्या पट्ट्याला. आज तेवढीच वीज, किंबहुना जास्तच उजेड, बोटाएवढ्या सेलमध्ये मावतो. त्यामागं दोन शोध आहेत. एक म्हणजे लिथियम-आयन सेल, जो १९९१ मध्ये बाजारात आला. दुसरा निळा एलईडी: त्याच्यावर पिवळसर भुकटीचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. निळ्या एलईडीला २०१४ चं आणि लिथियम-आयनला २०१९ चं नोबेल मिळालं. बाजारातल्या गाड्यावरच्या त्या छोट्या वस्तूत दोन नोबेल सामावलेली आहेत.

२. उजेडाचे तीन आकडे

खोक्यावर ल्युमेन असतं, कधी कँडेला असतं. लक्स सहसा नसतं, पण खरं काम त्याच्याशीच असतं. हे तिन्ही पाण्यावरून समजून घेऊ.

पंपातून मिनिटाला किती लिटर पाणी बाहेर पडतं, तसं ल्युमेन. दिव्यातून एकूण उजेड किती बाहेर पडतो एवढंच ते सांगतं. तो कुठं जातो ते सांगत नाही. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा साधारण ९०० ल्युमेन देतो, मेणबत्ती बारा-तेरा.

तेच पाणी ठिबकला लावलं तर मुळाशी थेंब थेंब पडतं आणि रेनगनला लावलं तर लांब फेकलं जातं. पाणी तितकंच, फक्त आवळून एका दिशेला लोटलं. ही झोताची धार म्हणजे कँडेला. नावातच कँडल आहे: एका मेणबत्तीची एका दिशेतली धार म्हणजे जवळपास एक कँडेला.

आणि शेवटी सरीत उभं राहून बघायचं की माती किती भिजली. ते लक्स: तुम्ही ज्या वस्तूकडं बघताय तिच्यावर प्रत्यक्ष पडलेला उजेड. आपल्याला दिसतं ते या ओलीमुळं.

म्हणून एक हजार ल्युमेनच्या दोन बॅटऱ्या अगदी वेगळ्या निघू शकतात. एक पायापुढचं अंगण उजळते पण तीस मीटरवर फिकी पडते. दुसरी पलीकडच्या टेकाडावरची बाभूळ दाखवते, पण पायाखालचा खड्डा दाखवत नाही. दारं धरणाऱ्याला पहिली हवी, माळावर मेंढरं राखणाऱ्याला दुसरी. ज्यांना रोजच्या सगळ्या कामाला एकच बाळगायची आहे, त्यांनी मधे ठळक झोत आणि भोवती मऊ पसारा अशी घ्यावी.

३. "पाचशे मीटर" म्हणजे नक्की काय?

मेंढरांवर टाकायची घोंगडी डोळ्यांपुढं आणा. समजा झोत एक मीटरवर बरोबर एका घोंगडीवर मावतो. दोन मीटरवर तोच झोत लांबीलाही दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट पसरतो, म्हणजे चार घोंगड्यांएवढा. उजेड तेवढाच, वाटेकरी चार. तीन मीटरवर नऊ, चार मीटरवर सोळा. अंतर दुप्पट झालं की उजेड अर्धा होत नाही, पाव होतो.

एक मीटरवर ४०० लक्स देणारा दिवा घ्या. दोन मीटरवर १००, चार मीटरवर २५, वीस मीटरवर १ आणि चाळीस मीटरवर पाव लक्स. हा पाव लक्स ध्यानात ठेवा, सगळी गोम त्यात आहे. चांगले उत्पादक २००९ मध्ये आलेल्या एफएल १ या अमेरिकी मानकाप्रमाणं मोजमाप करतात, आणि त्यात झोताची लांबी म्हणजे उजेड उतरत उतरत जिथं पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं अंतर. निरभ्र पौर्णिमेचा चंद्र जमिनीवर साधारण एवढाच उजेड टाकतो. चांदण्यात माणूस आहे हे कळतं, कोण आहे ते कळत नाही. झुडूप आणि रानडुक्कर यांत फसगत होते. खोक्यावर प्रामाणिकपणे २०० मीटर लिहिलं असलं, तरी त्याचा अर्थ २०० मीटरवर चांदणं पडतं एवढाच.

मी स्वतः खोक्यावरच्या आकड्याला चारनं भागतो. २०० मीटरवाली ५० मीटरवर ४ लक्स देते, आणि तेवढ्यात शेळी कुणाची तेही ओळखू येतं. मानकाचा उल्लेख नसेल तर त्या आकड्यावर विश्वासच ठेवत नाही.

लांबी घरी मोजता येते. बऱ्याच अँड्रॉइड मोबाइलमध्ये पुढच्या कॅमेऱ्याजवळ उजेड मोजणारा डोळा असतो, आणि लक्स दाखवणारं अॅप फुकट मिळतं. पूर्ण अंधारात टेपनं बरोबर ५ मीटर अंतर घ्या, मोबाइल उभा ठेवा, झोताचा सर्वांत ठळक भाग त्याच्यावर आणा. समजा १०० लक्स दिसले. ५ चा वर्ग २५, म्हणून धार २,५०० कँडेला. आता २,५०० चं वर्गमूळ ५०, त्याची दुप्पट १००. या बॅटरीची मानकाप्रमाणं लांबी १०० मीटर, आणि माझ्या हिशेबानं कामाची २५ मीटर. मोबाइलचं माप अचूक नसतं, पण दोन बॅटऱ्यांची तुलना करायला पुरेसं आहे, आणि ५०० मीटर लिहिलेली प्रत्यक्षात १०० ची निघाली तर तेवढं नक्कीच कळतं.

एकूण उजेडाची तुलना आणखी सोपी आहे. छोटी खोली घ्या, दार-खिडक्या बंद करा, बॅटरी जमिनीवर ठेवून झोत छतावर सोडा आणि मोबाइल कोपऱ्यात ठेवा. छतावर आपटून उजेड खोलीभर पसरतो, त्यामुळं झोत आवळलेला की पसरट हा फरक बराचसा पुसला जातो. एक बॅटरी ४० आणि दुसरी २० दाखवत असेल, तर पहिलीचे ल्युमेन साधारण दुप्पट आहेत.

४. घागरीत पाणी किती?

काही खोक्यांवर पन्नास हजार ल्युमेन लिहिलेलं असतं. हिशेब करू. बरा एलईडी एका वॅटमध्ये साधारण १०० ल्युमेन देतो, उत्तम असेल तर थोडे जास्त. पन्नास हजारासाठी ५०० वॅट लागतील. एवढ्या विजेवर घरातला मिक्सर चालतो. ती कपाळावर बांधता येणार नाही, कारण बराचसा भाग उष्णता होऊन बाहेर येतो.

आता सेल बघा. डोक्यावरच्या ताकदवान बॅटऱ्यांत बहुधा १८६५० नावाचा सेल असतो. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्यावर ३,००० एमएएच असं काही लिहिलेलं असतं. घागरीतलं खरं पाणी काढायचं तर ते दाबानं, म्हणजे व्होल्टनं गुणावं लागतं. ३,००० एमएएच म्हणजे ३ अँपिअर-तास, आणि या सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट. गुणाकार १०.८ वॅट-तास. ही झाली घागर.

पन्नास हजार ल्युमेनच्या ५०० वॅटला ही घागर सव्वा मिनिट पुरेल. हजार ल्युमेनला १० वॅट लागतात, म्हणजे तासभर. २०० ल्युमेनला २ वॅट, म्हणजे पाच तासांहून थोडं जास्त. १०० ल्युमेनला १ वॅट, म्हणजे जवळपास अकरा तास. प्रत्यक्षात आतल्या सर्किटमध्येही थोडी वीज मुरते, म्हणून १० वॅट-तासच धरावेत.

मला हा हिशेब या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण एकाच सेलवर 'हजार ल्युमेन' आणि 'रात्रभर' या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत, हे तो कागदावरच दाखवून देतो. दुकानदार एक आकडा मोठ्या उजेडाचा सांगतो आणि तास सांगतो लहान उजेडाचे. ते दोन्ही आकडे एकाच वेळचे आहेत का, एवढं विचारलं तरी बरंच उलगडतं.

सेलच्या आकड्यातही लबाडी असते. १८६५० च्या मापात आजघडीला साधारण साडेतीन हजार एमएएच मावतात, अगदी अलीकडचे सेल चार हजारांपर्यंत जातात. ९,९०० लिहिलेला सेल निखालस खोटा. त्याला तपासायचा उत्तम उपाय म्हणजे वजन. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, आणि खोट्याच्या पोटात बऱ्याचदा लहानसाच सेल असतो, त्यामुळं तो हलका लागतो. आटपाडी आणि खानापूर तालुक्यांतली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. वजनावरून खरंखोटं ओळखायची गोष्ट या भागाला नवी नाही. सोनाराच्या काट्यावर सेल ठेवून बघायला कुणी नाही म्हणत नाही.

५. रात्रभराची परीक्षा

ही परीक्षा एकदा तरी कराच. बॅटरी पूर्ण चार्ज करा. मघाच्या बंद खोलीत झोत छतावर सोडा, मोबाइल ठरलेल्या जागी ठेवा आणि वेळ व लक्स वहीत लिहा. पहिली नोंद अर्ध्या मिनिटानं, मग पाच, दहा, तीस मिनिटांनी, पुढं दर अर्ध्या तासाला. बॅटरी जागची हलवू नका आणि तिच्यासमोर टेबलफॅन लावा, कारण शेतात वारा असतो आणि बंद खोलीत ती उगाच तापते.

वहीतले आकडे तीन तऱ्हेनं उतरतात. पहिली तऱ्हा कड्यासारखी: काही मिनिटं कडक उजेड, मग एकदम निम्मा किंवा तिसरा हिस्सा. हा दोष नव्हे. मोठ्या उजेडानं दिवा तापतो, आणि चांगलं सर्किट त्याला सांभाळायला उजेड उतरवतं. दुसरी तऱ्हा पठारासारखी: उजेड तासन् तास सारखा राहतो आणि शेवटी भरकन उतरतो. माझी पसंती हिला. तिसरी तऱ्हा उताराची: पहिल्या मिनिटापासून हळूहळू मिणमिणत जाते, जशा जुन्या सेलच्या बॅटऱ्या जात. (ते सेल उन्हात ठेवले की थोडा वेळ पुन्हा पेटत, हे अनेकांना आठवत असेल. उन्हानं आतली रासायनिक क्रिया तात्पुरती वेग घ्यायची, एवढंच. लिथियमच्या सेलला मात्र ऊन कधीच दाखवू नये.)

आता मानकातली एक बारीक गोष्ट. एफएल १ प्रमाणं 'चालण्याचा वेळ' म्हणजे उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे हजार ल्युमेनची बॅटरी दहा मिनिटांत तीनशेवर आली आणि पुढं तीन तास तीनशेवर चालली, तरी खोक्यावर '१,००० ल्युमेन, ३ तास' असं नियमानं लिहिता येतं. खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याची समजूत चुकीची होते. म्हणून खोक्यापेक्षा आपली वही खरी.

जाता जाता चालता पंखा त्या उजेडात बघा. मंद उजेडावर पाती तुटक तुटक, थांबल्यासारखी दिसली तर दिवा वेगानं लुकलुकतोय. रात्रभर तशा उजेडात काम केलं की काहींचं डोकं दुखतं.

६. डोळ्याची बाजू

बॅटरीची परीक्षा घेताना आपण निम्मी गोष्ट विसरतो: बघतो तो डोळा.

अंधारात गेल्यावर डोळ्याची बाहुली क्षणात मोठी होते, पण खरी तयारी पडद्यावर होते, आणि तिला वीस-तीस मिनिटं लागतात. विहिरीवरून रानात जाणाऱ्याला हळूहळू बांध दिसू लागतात ते त्यामुळं. एकदा कुणी हजार ल्युमेनचा झोत तोंडावर मारला की ही अर्ध्या तासाची कमाई जाते. म्हणून समोरच्याशी बोलताना डोक्यावरची बॅटरी खाली वळवणं हा शिष्टाचारापेक्षा मोठा मुद्दा आहे. ज्या बॅटरीत अगदी मंद, पाच-दहा ल्युमेनची पायरी असते, ती मला फार उपयोगी वाटते. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तेवढ्यात स्टार्टरचं बटण सापडतं. तांबडा उजेड असेल तर डोळ्याचा सराव आणखी कमी मोडतो. मात्र तांबड्यात तारांचे रंग ओळखू येत नाहीत, हे विजेच्या पेटीपाशी विसरू नये.

रंगांची परीक्षा देवघरात होते. एका ताटलीत हळद, कुंकू, गुलाल आणि अष्टगंध शेजारी शेजारी ठेवा आणि अंधारात फक्त बॅटरीच्या उजेडात बघा. निळसर पांढऱ्या स्वस्त उजेडात कुंकू मळकट दिसतं, गुलाल आणि कुंकू जवळ येतात. चांगल्या उजेडात चारही रंग आपापले राहतात. डाळिंबाच्या पानावर तेल्याचे डाग शोधणाऱ्याला आणि तांबड्या, पिवळ्या, निळ्या फेजच्या तारा जोडणाऱ्याला हा फरक लगेच कळेल.

आता सापाचं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. आपल्याकडं नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही आहेत. मण्यार रात्रीच फिरतो. फुरसं मुरमाच्या, दगडाच्या रंगात असं मिसळतं की दिवसाही चटकन दिसत नाही. अशा वाटेवर डोक्यावरच्या बॅटरीत एक मोठी उणीव आहे, जी कुठल्याही खोक्यावर लिहिलेली नसते.

वस्तूचा उठाव आपल्याला सावलीमुळं कळतो. दिवा डोळ्यांच्या अगदी वर असला की वस्तूची सावली तिच्याच मागं दडते, आपल्याला दिसत नाही. जमीन सपाट, चित्रासारखी वाटते. खड्डा, ढेकूळ आणि वेटोळं सारखंच. हेच बॅटरी हातात घेऊन गुडघ्याच्या उंचीवर धरा: प्रत्येक खड्याची लांब सावली पडते आणि जमीन उठून दिसते. करून बघा. अंगणात एक दोरी टाका, दहा पावलांवरून आधी बॅटरी कपाळावर ठेवून आणि मग हातात खाली धरून बघा. एकदा बघितलं की पटवून द्यावं लागत नाही. म्हणून रोज जवळ ठेवायची बॅटरी पट्ट्यातून चटकन सुटणारी असावी. काटकोनी घडणीच्या, चिमटा असलेल्या बॅटऱ्या कंबरेलाही लागतात. चालताना हातात किंवा कंबरेला, कामाला उभं राहिल्यावर डोक्याला. पायात बूट आणि हातात काठी ही आहेच.

मेंढपाळाचं याच्या बरोबर उलट आहे. मेंढी, कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या डोळ्यात पडद्यामागं आरशासारखा थर असतो. तो उजेड आला त्याच वाटेनं परत पाठवतो. परत आलेला उजेड बघायचा तर आपला डोळा दिव्याच्या जवळ हवा. बॅटरी कपाळावर असेल तर जाळीच्या वाघरीतल्या मेंढरांचे डोळे चमकतात आणि पलीकडं उभ्या लांडग्याचेही. तीच बॅटरी कंबरेला लावली की चमक जवळजवळ नाहीशी होते. माणदेशच्या माळावर लांडगा अजून आहे, आणि रात्री कळप राखणाऱ्याला ही गोष्ट अनुभवानं ठाऊक असते. गवतात निळसर हिरवे बारीक ठिपके लुकलुकताना दिसले तर घाबरू नका, ते शिकारी कोळ्यांचे डोळे. सापाच्या डोळ्यात मात्र असा आरसा नसतो. चमक नाही म्हणजे साप नाही, असं कधीही समजू नये.

७. बाकीच्या छोट्या परीक्षा

पाण्याच्या बाबतीत आयपीएक्स ४ म्हणजे सगळीकडून उडणाऱ्या शिंतोड्यांना टिकणारी, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी. पाटाशी काम करणाऱ्यानं दुसरी घ्यावी. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण घट्ट बसलं आहे ना ते बघून बादलीत बुडवा, अर्ध्या तासानं पुसून काचेच्या आत वाफ धरली आहे का बघा. खोक्यावर आयपीएक्स ७ नसेल तर ही परीक्षा घेऊ नका.

पट्टा तुम्ही रोज जे डोक्यावर घालता त्यावरच बांधून बघा, टोपी असो, फेटा असो की पदर. रिकाम्या डोक्यावर नीट बसणारा पट्टा फेट्यावरून घसरतो. शंभर-दीडशे ग्रॅम वजन हाताला काहीच वाटत नाही, पण वाकून तासभर भांगलण केली की कपाळाला कळतं.

खिशातली बॅटरी चुकून पेटणं हा खरा धोका आहे. माझ्या पिशवीत एकदा असं झालं: रुमालाला भोक पडलं, आणि धूर यायच्या आत हाताला चटका बसला म्हणून कळलं. बटणाला कुलूप लावायची सोय असेल तर वापरा. नसेल तर मागचं टोपण पाव फेरा सैल करा, सेलचा संपर्क तुटतो.

चार्जिंगचं भोक टाइप-सी असलं तरी काही बॅटऱ्या दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलनं चार्ज होत नाहीत. चार्जर आधी पलीकडं कोण आहे ते विचारतो, आणि स्वस्त बॅटरीत त्याला उत्तर देणारा छोटा भाग बसवलेला नसतो. जुन्या चपट्या टोकाची केबल लावली की चार्ज होते. विकत घेतानाच दोन्ही लावून बघा.

ठेवण्याची रीतही बदलली आहे. शिशाच्या सेलची जुनी जड बॅटरी भरून ठेवली तरच जगते. रिकामी महिनाभर पडली की तिच्या पत्र्यांवर कठीण थर बसतो आणि ती मरते. लिथियमला उलट अर्धवट भरून, थंड जागी ठेवलेलं मानवतं. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत ती ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य रोज थोडं थोडं जाळणं. ४५ अंशांच्या वर तिला चार्जही करू नये. फुगलेला सेल असेल तर पुन्हा वापरू नका.

८. एका रात्रीचा जमाखर्च

आता ३,००० एमएएचचा एक सेल घेऊन रात्र काढू. जमा १० वॅट-तास. थ्री फेज रात्री दहाला येते, सहाला जाते.

घर ते विहीर आणि परत, असं चालणं चाळीस मिनिटं. १५० ल्युमेन, दीड वॅट. खर्च १ वॅट-तास. दारं धरणं पाच तास, ६० ल्युमेनवर. पायापुढच्या सरीला तेवढे भरपूर होतात. खर्च ३. लांब खडबडलं, फड हलला, म्हणून एकेक मिनिट पूर्ण झोत, असं पाच वेळा: पाच मिनिटांचे १० वॅट, खर्च ०.८. सरी भरेपर्यंत बांधावर दोन तास टेकणं, ५ ल्युमेनवर: खर्च ०.१.

एकूण पाचाच्याही आत. निम्मी घागर शिल्लक.

आता हाच माणूस 'मधल्या' बटणावर, म्हणजे ३०० ल्युमेनवर रात्रभर राहिला असता तर? ३ वॅट गुणिले ८ तास, २४ वॅट-तास लागले असते. दहा वॅट-तासांची बॅटरी एक वाजून वीस मिनिटांच्या सुमारास विझली असती, आणि तेव्हा पाणी निम्म्या रानातच असतं. पहिल्या तऱ्हेनं वापरणाऱ्याचा सेल दोन-तीन वर्षांनी थकून दहाच्या जागी सात वॅट-तास देऊ लागला, तरी त्याची रात्र निघते, आणि पहाटे गोठ्यात धार काढायला दोन वॅट-तास उरतात.